कडी वाजली की

पैठण,
रविवार, १८ ऑगस्ट १९९१

सौ. सारजावहिनींना आवडाचा नमस्कार. मायच्या पायावर डोकं.

पाकिटात राखी आहे. नेहमीसारखी दादाच्या फोटोला बांधा आणि पुढं साखर ठेवा. दादा घर सोडून गेल्यापासूनची ही बारावी राखी. दुकानदार दरवर्षी विचारतो, भाऊ कुठं असतो. मी सांगते, औरंगाबादला, मुकुंदवाडीत. खोटं बोलतेय असं मला कधी वाटत नाही. जिथं घर तिथं भाऊ.

आता मुख्य काम. शुक्रवारची ती जासुसी मालिका तुम्ही पुतळाबाईंच्या घरी बघता, मी इथं शेजारी साळूबाईंच्या घरी बघते. परवाचा भाग नवरा हरवलेल्या बाईचा होता. नवरा कामावर म्हणून गेला तो गेलाच. बायको रोज त्याचा कोट झटकून पुन्हा खुंटीला लावायची, चपला पुसून दाराशी ठेवायची. माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना. साळूबाई म्हणाली, आवडाबाई, अजून मालिकेत कोणी मेलेलं नाही, थोडं शेवटाला राखून ठेवा. तिला काय कळणार?

शेवटी त्या उंच इन्स्पेक्टरनं घरातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला की साहेबांचं काय झालं हे या खोलीतल्या एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि तेवढ्यात पैठणची लाइट गेली. धरण उशाला आणि अंधार घराला. ह्यांनी छपरावर जाऊन अँटेनाला दोन धपाटे घातले, जणू लाइट तिच्यात अडकली होती. लाइट आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

तर वहिनी, शेवट काय झाला ते उलट टपाली कळवा. नवरा सापडला का? तुम्ही हसाल, पण मला त्याचाच घोर लागलाय. पुढच्या वैशाखात दादाला जाऊन बारा वर्षं पुरी होतील. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं भाऊबंद आतापासूनच म्हणायला लागलेत. जित्या माणसाला अग्नी कसा द्यायचा? त्याच्या आत दादा सापडला पाहिजे.

माय अजून दाराशीच बसते ना? डोळ्यांत मोतीबिंदू, पण दाराची कडी हलली की मान वळतेच तिची. तिला सांगा, आवडानं अजून सीताफळ तोंडात घातलेलं नाही. दादा घरी येईल तेव्हा त्याच्याच हातचं खाईन म्हटलं आहे, ते म्हटलं.

तुमची,
आवडा

मुकुंदवाडी, औरंगाबाद,
२३ ऑगस्ट १९९१

आवडाबाईंना सारजाचा नमस्कार.

राखी मिळाली. पौर्णिमेला बांधीन.

तुम्ही विचारलेला शेवट मी बघितला. आत्याबाई पण माझ्याबरोबर पुतळाबाईंकडे आल्या होत्या, पण त्यांना, तुमच्या मायला, शेवटी शेवटी डुलकी लागली. नवरा सापडला. नाशिककडे अपघात होऊन त्याच्या डोक्याला मार लागला होता, म्हणून नाव-गाव विसरून एका देवळात राहत होता. इन्स्पेक्टरनं त्याला घरी आणलं. बायकोनं चपला पुढं केल्या, त्या पायात घातल्यावर त्याला सगळं आठवलं. एवढंच.

आत्याबाईंची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात. माझ्या बालवाडीत यंदा एकतीस मुलं आहेत, त्यातली पाच दिवसभर रडतात. भाऊबंदांचं मनावर घेऊ नका. वैशाखाला अजून पुष्कळ दिवस आहेत.

सारजा

पैठण,
३० ऑगस्ट १९९१

सौ. सारजावहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा ह्यांना आणि एकदा साळूबाईला, कारण तिला पण शेवट पाहिजे होता. चपलांचं वाचून तर मी रडलेच. वहिनी, असं होऊ शकतं. डोक्याला मार लागतो, माणूस स्वतःला विसरतो. आपण इतकी वर्षं समजत होतो की दादा मायच्या बोलण्याचा राग धरून बसलाय. कोणी एवढा राग धरतं का? दादाचा राग तर दूध उतू जावं तसा, फुंकर मारली की खाली. अकरा वर्षं तो रागानं लांब राहिलेला नाही. त्याला आपण आठवत नसू, हेच खरं.

म्हणून मी ठरवलं आहे. टीव्हीवर हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवतात. माझे दीर काकासाहेब मुंबईला असतात, ते कचेरीत नेऊन देतील. दादाचा फोटो चौकटीतून काढून ठेवा. महालक्ष्म्यांना या वर्षी तरी तुम्ही पैठणला या, येताना फोटो आणा. पूजेच्या दिवशी सवाष्ण म्हणून मला तुम्हीच हव्या आहात. दरवर्षी काहीतरी निघतं आणि तुमचं पान दुसऱ्याच कोणाला वाढावं लागतं.

मायला मी वेगळं कार्ड टाकलं आहे. तिला डुलकी लागली म्हणालात, म्हणून मालिकेचा शेवट मीच लिहून कळवला. म्हातारीला तेवढीच उमेद.

आवडा

मुकुंदवाडी,
९ सप्टेंबर १९९१

आवडाबाईंना नमस्कार.

फोटो पाठवता येणार नाही. ओल लागून तो काचेला चिकटला आहे, काढायला गेलं तर फाटेल. मुंबईला कुणाला त्रास देऊ नका. अकरा वर्षांत माणसाचा चेहरा बदलतो, त्या फोटोवरून कोण ओळखणार?

महालक्ष्म्यांना मला जमणार नाही. त्याच आठवड्यात बालवाडीची तपासणी आहे. माझं पान पुतळाबाईंच्या पैठणच्या भाचीला वाढा, ती चांगली मुलगी आहे.

रागावू नका.

सारजा

पैठण,
२१ सप्टेंबर १९९१

सारजावहिनी,

हे पत्र मी घरी न पाठवता तुमच्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. मायच्या कानावर जाऊ नये म्हणून. तुम्ही एकट्या असताना वाचा.

महालक्ष्म्यांना साळूबाईची बहीण औरंगाबादहून आली होती. जेवणं झाल्यावर बायका त्या मालिकेवर बोलत बसल्या. मी मोठ्या हौसेनं नाशिक, देऊळ आणि चपला सांगायला लागले. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, कुठलं नाशिक? नवरा मेलेला होता. बायकोनंच मारला होता. कोट झटकणं, चपला पुसणं हे सगळं लोकांना दाखवायला होतं. सगळ्या बायका हसल्या. मी पण हसले आणि पानं उचलायला उठले.

तिनं आणखी एक सांगितलं. इन्स्पेक्टरनं तिला ओळखलं कसं, तर दारावरून. दाराची घंटी वाजली की घरातले सगळे दाराकडे बघायचे, गडीसुद्धा. ती एकटी बघायची नाही. वाट बघणारं माणूस दाराकडे बघितल्याशिवाय राहत नाही, असं तो म्हणाला.

वहिनी, तुम्ही दाराकडे बघत नाही. हे मला त्या घटकेला दिसलं. मी चार-चार दिवस तुमच्याकडे राहून गेले आहे. कडी वाजते, माय वळते, मी वळते, आणि तुम्ही भाकरी थापत राहता. मला वाटायचं, बिचारीची आशा सुटली असेल.

मग मी मोजायला बसले. दादा गेला वैशाखात. त्या वर्षीच्या भाद्रपदात तुम्ही पैठणला आलात, महालक्ष्म्यांपुढं सवाष्ण म्हणून जेवलात, मी तुमची ओटी भरली. पुरणपोळी जास्त झाली म्हणून रात्री ओवा खाल्लात. दुसऱ्या वर्षी ताप. तिसऱ्या वर्षी तुम्ही आलात, पण शिवायची नाही म्हणून बाहेरच बसलात. मग मायचे गुडघे, मग तपासणी, मग उपास. एकदा तर तुमच्या भावाच्या म्हशीला बरं नव्हतं. मीच भोळी, म्हशीची विचारपूस करायला कार्ड टाकलं. दहा वर्षं झाली, ही अकरावी. तुम्ही कुंकू लावता, बांगड्या भरता, मंगळसूत्र घालता, पण सवाष्णीच्या पानावर एकदाही बसला नाहीत. म्हणजे त्या पहिल्या महालक्ष्म्यांनंतर वर्षभरात काहीतरी झालं, आणि ते तुम्हाला माहीत आहे.

मी इन्स्पेक्टर नाही. सातवी झालेली बाई आहे. काय झालं असेल याचा विचार करते तेव्हा मला माझीच लाज वाटते. तुम्ही त्याला काही केलं असेल असं माझं मन म्हणत नाही, पण मन काय म्हणतं ते मला नीट ऐकूही येत नाही. तो जिता असेल आणि तुम्हीच त्याला येऊ देत नसाल, असंही मनात येतं. मग तुम्ही खोटा शेवट का लिहिलात? त्या खोट्या शेवटावर मी वीस दिवस सुखात होते.

माझा भाऊ कुठं आहे ते मला सांगा. आठ दिवसांत पत्र आलं नाही तर ह्यांना घेऊन मी तिकडं येईन आणि मायसमोर विचारीन. मग चौकीत जायची वेळ आली तरी जाईन.

आवडा

मुकुंदवाडी,
२८ सप्टेंबर १९९१

आवडाबाई,

आठ दिवसांच्या आत लिहिते आहे. मायसमोर विचारू नका, एवढीच विनंती आहे. बाकी तुम्ही काय कराल ते मला मान्य आहे.

तुमचे दादा नाहीत. ज्या वर्षी घर सोडलं त्याच वर्षीच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सुरतेला कावीळ होऊन गेले. मला दीड महिन्यानं कळलं. त्यांच्याबरोबर एका खोलीत राहणारा मुंजाबा नावाचा माणूस होता, तो घरी न येता बालवाडीत आला. घरी जाऊ नकोस असं त्यांनीच त्याला सांगून ठेवलं होतं. एका पिशवीत त्यांचा सदरा, कंगवा आणि बंद पडलेलं घड्याळ होतं. ती पिशवी बालवाडीच्या कपाटात, पाट्यांच्या मागं आहे. अकरा वर्षं तिथंच आहे.

ते घरातून गेले तो दिवस तुम्ही बघितलेला नाही. तिसरी नोकरी सोडून दुपारी घरी येऊन झोपले होते. आत्याबाईंनी उठवलं, शब्दाला शब्द लागला. त्या म्हणाल्या, "जिता हाईस तवर या दारात पाय ठेवू नको." आईनं रागात म्हटलेलं, त्याला काय अर्थ असतो? तुमच्या दादांनी चपला घातल्या आणि माझ्याकडं बघून हसले. संध्याकाळी येतील असं मला वाटलं. आत्याबाईंनाही वाटलं, त्यांनी लेकाच्या वाटणीचं पिठलं झाकून ठेवलं होतं.

मुंजाबानं त्यांचा निरोप मला दोनदा म्हणून दाखवला, चुकू नये म्हणून. "मायला सांगू नको. माझ्याच तोंडानं गेला म्हणंल ती, अन् खाणंपिणं सोडंल. येतो म्हणून सांग." भाऊबीजेच्या दिवशी तुमचं नाव घेऊन म्हणाले होते, आवडी ओवाळायला बसली असेल. हे तुमचं होतं आणि मी इतकी वर्षं ते माझ्याकडं ठेवलं. याची मला खंत आहे.

त्या दिवशी मी बांगड्या फोडल्या नाहीत. मुलं ताटल्या घेऊन बसली होती, त्यांना सुकडी वाढली. घरी आले तर आत्याबाई दाराशी बसल्या होत्या. विचारलं, "काही कळलं का गं रामकिसनचं?" मी म्हटलं, येतील. तेव्हापासून तोच एक शब्द सांभाळते आहे.

तुम्हाला का सांगितलं नाही ते स्पष्ट लिहिते. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्ही मायला बघून रडला असता आणि तिनं ओळखलं असतं. शिवाय तुम्ही दरवर्षी राखी पाठवायचात. ती फोटोला बांधताना मला वाटायचं, जगात एक तरी माणूस त्यांची खरी वाट बघतंय, ते कशाला मोडू.

कुंकवाचं विचारलंत. कुंकू मी आत्याबाईंसाठी लावते. त्यांना आता चेहरे नीट दिसत नाहीत, पण सकाळी माझ्या कपाळावरून हात फिरवतात आणि कुंकू बोटाला लागलं की चहा घेतात. ते मी देवापुढं कबूल केलेलं आहे. पण महालक्ष्मीच्या पानावर बसले असते तर ते माझ्या मानासाठी झालं असतं. देवीला फसवून जेवण गळ्याखाली उतरलं नसतं. म्हणून म्हैस आजारी पाडली. तिला काही झालं नव्हतं.

आता त्या शेवटाचं. इन्स्पेक्टर दाराचं बोलला तेव्हा तो माझंच सांगतोय असं मला वाटलं. तुम्ही पत्रात नेमका तोच शेवट विचारलात. खरा शेवट लिहिला असता तर तुम्ही ओळखाल अशी भीती वाटली, म्हणून हाताला आलं ते लिहिलं. लिहिलं नसतं तर तुम्हाला काहीच कळलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पण तुम्ही त्यावर एवढी आशा बांधाल हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या वीस दिवसांबद्दल मला माफ करा.

एक गोष्ट मला छळते. आत्याबाईंना डुलकी लागली होती असं मी लिहिलं, पण मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. भाग संपल्यावर घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर तुमचं कार्ड आलं, नाशिकचं आणि देवळाचं. मी बालवाडीत होते, पुतळाबाईंच्या सुनेनं ते त्यांना वाचून दाखवलं. संध्याकाळी ते त्यांच्या उशाखाली होतं. शेवट वेगळा का लिहिलास, असं त्यांनी मला विचारलं नाही. झोप लागली होती म्हणून विचारलं नसेल. नाहीतर का, ते मला माहीत नाही.

पितरांचं पण लिहून टाकते, म्हणजे काही उरणार नाही. दर सर्वपित्रीला मी माझ्या डब्यातला घास बालवाडीच्या भिंतीवर ठेवते. कावळा येतो. एका वर्षी दुपारपर्यंत शिवला नाही. मग मी म्हटलं, मायला मी कळू देणार नाही. तेव्हा शिवला.

तुम्ही या, चौकीत जा, भाऊबंदांना सांगा. मी काही म्हणणार नाही. फक्त त्या म्हातारीला तिच्याच शब्दानं मारू नका.

सारजा

पैठण,
१४ ऑक्टोबर १९९१

सारजावहिनी,

पाकीट बालवाडीच्या पत्त्यावर आहे, तरी वर सौ. लिहिलं आहे, कारण चुकून घरी आलं तर पोस्टमन दारात नाव मोठ्यानं वाचतो आणि माय ऐकते. आत लिहिलेलं नाही. तुमच्याशी आता तरी खरं वागावं.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. साळूबाईला वाटलं, मला घटसर्प झाला. पहिल्या दिवशी तुमचा फार राग आला, हे लिहिते. माझा भाऊ मेला आणि मी अकरा वर्षं त्याच्या नावानं राख्या निवडत बसले, लाल घेऊ की पिवळी. दुसऱ्या दिवशी ते वाढलेल्या सुकडीचं पुन्हा वाचलं आणि राग कुठं ठेवू ते कळेना. मी तुमच्या जागी असते तर बालवाडीच्या दारातच हंबरडा फोडला असता. दादा माणसं ओळखायचा. त्यानं मुंजाबाला तुमच्याकडं धाडलं, माझ्याकडं धाडलं नाही. तीळ भिजत नाही हे खरं आहे.

सर्वपित्रीला ह्यांनी गोदावरीत दादाच्या नावानं पाणी सोडलं. ह्यांना सांगितलं आहे, बाकी कोणाला नाही. मी घाटाच्या पायरीवर पान ठेवलं, भात, वडा आणि एक सीताफळ. कावळ्यानं वडा उचलला. सीताफळ तसंच राहिलं. मग ते मीच पायरीवर बसून खाल्लं, वहिनी. अकरा वर्षांनी. खूप गोड होतं आणि मला ते गोड लागलं याचं फार रडू आलं.

गेल्या आठवड्यात मी तुमच्याकडे येऊन राहिले तेव्हा आपण दोघी काहीच बोललो नाही. माय होती म्हणून. तुम्ही पाणी आणायला जायचात आणि उगाच उशीर लावायचात, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून. ते माझ्या लक्षात आलं होतं.

तुम्हाला माहीत नाही असं एक झालं, ते सांगायला हे पत्र लिहिते. निघायच्या दिवशी तुम्ही बालवाडीत होता. मी तांदूळ निवडत होते, माय दाराशी. कडी वाजली. माय वळली. मी वळले नाही. ठरवून नाही, मान वळलीच नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. शेजारचं शेळीचं करडू होतं, दाराला अंग घासत होतं.

मायनं त्याला हाकललं आणि थोड्या वेळानं माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "तू बी बघीना झालीस का, आवडे?"

वहिनी, तिनं "बी" म्हटलं.

मी म्हटलं, माय, तांदूळ निवडतेय, खडे लई आहेत. ती म्हणाली, "व्हय. हातात काम असलं की व्हत नाय बघणं. सारजाचं बी तसंच हाय." आणि मग मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवत बसली, लहानपणी उवा बघायची तसा. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, मला सांगता येत नाही. विचारायची माझी छाती नाही.

पण आपल्याकडून चूक होते आहे, हे खरं. ज्या गोष्टीनं टीव्हीतली बाई सापडली, त्याच गोष्टीनं आपण दोघी सापडणार. म्हणून यापुढं कडी वाजली की आपणही दाराकडं बघायचं. भाकरी तव्यावर असू दे, हात पिठात असू दे, आधी मान वळवायची. मी येईन तेव्हा मीही बघेन. दोघी मिळून इतकं नीट करू की त्या इन्स्पेक्टरनं चष्मा चारदा पुसला तरी त्याला काही दिसू नये. वैशाखात भाऊबंद येतील तेव्हा मी तिथं असेन आणि त्यांच्याशी भांडेन, ते काम मला चांगलं जमतं.

आणि पुढच्या महालक्ष्म्यांना तुम्ही पैठणला यायचं. मायला घेऊन या. सवाष्णीच्या पंगतीत बसू नका. बायका उठल्यावर मी आणि तुम्ही स्वयंपाकघरात एका ताटात जेवू. त्यात देवीला फसवणं नाही. म्हशीला बरं नसलं तरी यायचं.

तुमची,
आवडा

मुकुंदवाडी,
२५ ऑक्टोबर १९९१

आवडाबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. बालवाडीतच वाचलं आणि पाट्यांच्या मागच्या पिशवीत ठेवलं. पुढच्या वर्षी येईन.

तुम्ही सांगितलं तसं मी चार दिवस केलं. पहिल्यांदा विसरले. दुसऱ्यांदा आठवलं तोवर माणूस आत येऊन बसलं होतं. काल मात्र नीट जमलं. संध्याकाळी मी भाकरी करत होते, आत्याबाई दाराशी होत्या. कडी वाजली. तव्यावरची भाकरी सोडून मी उठले आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन बाहेर बघितलं. पुतळाबाई होत्या, ताक द्यायला आलेल्या. गंमत सांगते, बघताना माझ्या छातीत खरंच धडधडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुतळाबाई गेल्यावर मी चुलीकडे वळले तर आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. बांगड्या चाचपल्या. मग म्हणाल्या, "तू नको उठत जाऊ, सारजा. तू भाकर बघ. दाराकडं बघायला मी हाय."

भाकरी खरंच करपली होती. वरचा काळा पापुद्रा काढून ती आम्ही दोघींनी ताकात कुस्करून खाल्ली.

सारजा